डॉसन सिटी, युकॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, क्लॉंडाइक नदी युकॉन नदीला मिळते त्या संगमावर डॉसन सिटी वसलं आहे. या गावाबद्दल इतिहास विचारा, घरांबद्दल विचारा की नळाच्या पाण्याबद्दल, उत्तर फिरून फिरून पायाखालच्या गोठलेल्या जमिनीपाशी येतं.

डॉसन सिटी आणि डॉसन क्रीक एकच का? आणि हे अलास्कात आहे ना?

दोन्ही नाही. डॉसन क्रीक ब्रिटिश कोलंबियात आहे. अलास्का हायवे तिथून सुरू होतो. तिथून डॉसन सिटीला गाडीने यायचं तर १,९०० किलोमीटरहून जास्त अंतर कापावं लागतं. हॉटेलचं बुकिंग चुकीच्या डॉसनमध्ये करणारे कमी नाहीत, म्हणून पत्त्यात 'युकॉन' आहे की नाही ते आधी बघा. दोन्ही गावांना नाव एकाच माणसाचं आहे: कॅनडाचे भूवैज्ञानिक जॉर्ज मर्सर डॉसन.

अलास्काची हद्द गावापासून पश्चिमेला रस्त्याने सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. १८९७-९८ च्या सोन्याच्या धावपळीत (गोल्ड रश) बहुतेक लोक अलास्कातल्या बंदरांवर उतरून इकडे आले, त्यामुळे हा घोळ सव्वाशे वर्षं चालू आहे. क्लॉंडाइक, म्हणजे या नदीभोवतीचा सोन्याचा मुलूख, मात्र पहिल्यापासून कॅनडाच्या हद्दीत होता.

'सिटी' म्हणतात, मग लोकसंख्या किती?

२०२१ च्या जनगणनेत १,५७७. आपल्याकडे एवढी वस्ती असलेल्या गावात एकच शाळा आणि एक पार असतो. १८९८ च्या उन्हाळ्यात मात्र इथे ३० हजारांच्या आसपास लोक असल्याचे अंदाज आहेत. गावाला शहराचा दर्जा १९०२ मध्ये मिळाला, पण तोवर ओहोटी लागली होती. १९०१ च्या जनगणनेतच आकडा ९,१४२ वर आला होता. कारण साधं होतं. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोम इथे समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत सोनं मिळाल्याची बातमी आली आणि त्या उन्हाळ्यात हजारोंनी बोटी पकडल्या.

जमीन गोठलेली म्हणजे नेमकं काय?

गावाखालची माती वर्षभर शून्य अंशाखाली असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा वितळतो, त्याखाली गाळ आणि बर्फ एकजीव होऊन दगडासारखे झालेले असतात. याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. बर्फाचं प्रमाण जिथे जास्त, तिथे धोका जास्त, कारण वितळल्यावर तेवढी जागा रिकामी होते आणि जमीन खचते.

आणखी एक परिणाम सहज लक्षात येत नाही. इथे वर्षाला पाऊस आणि हिम मिळून जेमतेम सव्वातीनशे मिलिमीटर पाणी पडतं. माणदेशातही याहून जास्त पडतं. तरी दऱ्यांच्या तळाशी दलदल आणि डासांचे थवे, कारण खाली बर्फाची फरशी असल्यामुळे पाणी मुरायला वाटच नाही.

सोनं इथेच का सापडलं? बाकी कॅनडात का नाही?

बाकी कॅनडातही सोनं आहे, पण ते बहुतांशी खडकात. क्लॉंडाइकचं सोनं ओढ्यांच्या वाळूत सुटं मिळालं, आणि त्यामागे हिमयुगाची एक खोड आहे. हिमयुगात जवळजवळ सगळा कॅनडा हिमनद्यांखाली होता. त्या जमीन खरवडत पुढे सरकत आणि नद्यांनी साठवलेली वाळू उधळून टाकत. क्लॉंडाइकचा प्रदेश मात्र सुटला. पॅसिफिककडून येणारं बाष्प सेंट इलायस पर्वतरांग अडवून धरत असल्यामुळे इकडे थंडी भरपूर पण हिमनदी तयार होण्याइतकं हिम नाही. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछाया असते, तसलाच प्रकार.

त्यामुळे क्वार्ट्झच्या शिरांमधून झिजून निघालेलं सोनं लाखो वर्षं एकाच खोऱ्यात धुतलं जात राहिलं. आधी ते पांढरट खडीच्या जुन्या नदीपात्रात साठलं, ज्याला इथे व्हाइट चॅनेल म्हणतात. पुढे जमीन वर उचलली गेली आणि ओढे खोल कापत गेले. जुनं पात्र डोंगरउतारावर उंच राहिलं आणि त्यातलं काही सोनं पुन्हा धुऊन खालच्या ओढ्यांत आलं. म्हणून सोनं ओढ्याच्या तळाशीही होतं आणि वरच्या टेकाडांवरही. टेकाडावर खणणाऱ्यांना सुरुवातीला लोक हसले होते.

हिमनदी आली नाही, म्हणून प्राण्यांचे अवशेषही राहिले. २१ जून २०२२ ला युरेका क्रीकवरच्या खाणीत मॅमथचं अख्खं पिल्लू सापडलं. वय ३० हजार वर्षांहून जास्त, आणि कातडी, नखं, केस जागच्या जागी. त्याचं नाव नुन चो गा. इथल्या मूळनिवाशांच्या हान भाषेत अर्थ 'मोठं प्राण्याचं पिल्लू'.

सोनं पहिल्यांदा कोणाला सापडलं?

१६ ऑगस्ट १८९६ ला रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यावर चौघंजण होती: जॉर्ज कारमॅक, त्याची बायको केट, केटचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली. कारमॅक गोरा, बाकीचे तिघे टॅगिश या मूळनिवासी जमातीचे. पहिलं सोनं कोणी पाहिलं याबद्दल त्यांच्यातच दोन कहाण्या होत्या. कारमॅक म्हणायचा मी, आणि टॅगिश लोकांच्या सांगण्यानुसार जिम. दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकल्या गेल्या. शोधकर्त्याला दोन क्लेम, म्हणजे सोनं काढायचा हक्क असलेले जमिनीचे तुकडे, मिळत, आणि मूळनिवासी माणसाचा हक्क खाणअधिकारी मान्य करणार नाही असं कारण पुढे करून ते कारमॅकने आपल्या नावावर केले. ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं. केटच्या नावावर काहीच नव्हतं. पुढे कारमॅक तिला सोडून गेला.

रॉबर्ट हेंडरसन नावाच्या माणसाने कारमॅकला या भागात सोनं शोधायला सुचवलं होतं, पण त्याच दमात त्याच्या टॅगिश नातलगांचा अपमानही केला होता. सोनं लागल्यावर त्याला कोणी निरोप धाडला नाही. त्याला कळेपर्यंत चांगले क्लेम संपले होते.

त्याआधी इथे कोण राहत होतं?

ट्रोंडेक ह्वेचिन, म्हणजे ट्रोंडेक नदीचे लोक. 'क्लॉंडाइक' हा 'ट्रोंडेक'चाच गोऱ्यांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. या नावात हातोडीसारख्या दगडाचा उल्लेख आहे. सामन मासे अडवायला नदीत कुडाचा बांध घालत, त्याचे खुंट त्या दगडाने ठोकत. संगमावरची त्यांची जागा ट्रोचेक. १८९७ पर्यंत ती जागा खाणकामगारांनी भरली. मुख्य आयझॅक यांनी आपले लोक नदीने पाचेक किलोमीटर खाली मूसहाइडला हलवले. आपली गाणी आणि नाच या गर्दीत टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ती अलास्कातल्या नातलग गटांकडे जपायला दिली. ती बऱ्याच दशकांनी परत आली. सोन्याची गोष्ट सांगताना सगळे फावड्यावर थांबतात, पण या गावात दूरदृष्टीचा निर्णय शोधायचा तर हा.

जमीन आणि स्वशासनाचा करार १९९८ मध्ये झाला. २०२३ मध्ये 'ट्रोंडेक-क्लॉंडाइक' या नावाने आठ जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. हा दर्जा सोन्याच्या धावपळीच्या कौतुकासाठी नाही, वसाहत आल्यावर मूळनिवाशांनी स्वतःला कसं सावरलं त्याच्या खुणांसाठी आहे. गावात नदीकाठी दानोजा झो सांस्कृतिक केंद्र आहे. संग्रहालयाआधी तिथे जावं. मूसहाइडला रस्ता नाही. दर दोन वर्षांनी जुलैत तिथे मोठा मेळावा भरतो, तेव्हा बोटी चालतात. एरवी न विचारता तिथे उतरू नका.

लोक इथवर आले कसे? आणि किती जणांना सोनं मिळालं?

बातमी बाहेर जायलाच अकरा महिने लागले. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन दोन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला लागली आणि वेड पसरलं. अंदाजे एक लाख लोक निघाले. सगळ्यात प्रसिद्ध वाट चिलकूट खिंडीची, ५३ किलोमीटरची. खिंडीवर कॅनडाचे घोडदळ पोलीस उभे होते आणि वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. अवजारं, तंबू धरून सामान सुमारे एक टन भरायचं. पाठीवर एका वेळी वीस-पंचवीस किलो न्यायचं म्हणजे त्याच चढावर चाळीस-पन्नास खेपा. हा नियम जाचक वाटतो, पण १८९७-९८ च्या हिवाळ्यात डॉसनमध्ये अन्नाची टंचाई झाली होती.

खिंड ओलांडली की बेनेट तलाव. तिथे झाडं तोडून, फळ्या कापून बोट बांधायची आणि बर्फ फुटायची वाट बघायची. मे १८९८ च्या अखेरीस सात हजारांहून जास्त बोटी तिथून सुटल्या. डॉसनला पोचल्यावर कळलं की बोनान्झा आणि त्याला मिळणाऱ्या एल्डोराडो या ओढ्यांवरचे सगळे क्लेम दीड वर्षापूर्वीच गेलेत. एक क्लेम ओढ्याच्या लांबीवर ५०० फूट. पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा काही जणांनी जास्त जागा धरल्याचं निघालं आणि मधल्या पट्ट्या मोकळ्या झाल्या. डिक लो या मोजणीच्या मदतनिसाने बोनान्झावरची अशी एक ८६ फुटी पट्टी नाखुशीनेच घेतली. तीच क्लॉंडाइकमधल्या सर्वांत श्रीमंत तुकड्यांपैकी एक ठरली.

आलेल्यांपैकी बहुतेकांनी दुसऱ्यांच्या क्लेमवर मजुरी केली. गावात सोन्याची पूड हेच चलन होतं, औंसाला साधारण १६ डॉलर. इथल्या सोन्यात चांदी मिसळलेली असल्यामुळे शुद्ध सोन्याच्या २०.६७ डॉलरपेक्षा कमी. हा औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे आपले २.६७ तोळे.

गोठलेल्या जमिनीतून सोनं काढायचं कसं?

थंडीत. नवख्याला हे उलटं वाटतं. पण उन्हाळ्यात खड्डा खणला की कडा वितळून ढासळतात आणि तळाला पाणी भरतं. हिवाळ्यात गोठलेल्या भिंतींना टेकू लागत नाही.

पद्धत अशी: संध्याकाळी खड्ड्यात लाकडं रचून जाळ लावायचा. रात्रभरात वीस-तीस सेंटिमीटर माती सैल होते. सकाळी धूर गेल्यावर ती खणून रहाटाने बादलीतून वर ओढायची आणि पुन्हा जाळ. तीन ते दहा मीटरवर मूळ खडक लागतो. सोनं जड, त्यामुळे ते खडकाला टेकलेल्या शेवटच्या थरात आणि खडकाच्या भेगांत असतं. तिथून आडवे बोगदे काढत जायचं. वर काढलेला ढीग लगेच गोठतो, म्हणून तो मे महिन्यापर्यंत तसाच राहतो. बर्फ वितळून ओढा वाहू लागला की ती माती लाकडी पन्हळीत, म्हणजे स्लूस बॉक्समध्ये धुवायची. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. पाणी वाळू घेऊन जातं, सोनं पट्टीमागे अडकतं. म्हणजे सगळा हिवाळा काय हाताला लागलंय ते नक्की न कळता खणायचं.

यात जीव जायचा तो बहुधा धुराने. जाळ पुरता विझायच्या आत खाली उतरलं की विषारी वायूने घुसमट व्हायची. पुढे वाफेच्या नळ्या आल्या. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की साधं थंड पाणीही बर्फापेक्षा ऊबदारच असतं. जमिनीत नळ्या ठोकून नदीचं पाणी सोडत राहिलं की महिन्याभरात जमीन सैल होते. मोठ्या कंपन्यांनी तेच केलं.

ड्रेज नंबर ४ म्हणजे काय? बघण्यासारखं आहे का?

आहे, आणि एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर हीच बघा. ओढ्याची खडी उपसून सोनं काढणारा आठ मजली उंच लाकडी तराफा, वजन सुमारे ३,००० टन. १९१२-१३ मध्ये बांधला, १९५९ पर्यंत चालला. आता बोनान्झा क्रीकवर उभा आहे. हा तराफा स्वतःच खणलेल्या तळ्यात तरंगायचा. पुढच्या बाजूला बादल्यांची साखळी, ती तळाची खडी उपसून पोटात टाकते. आत फिरता रोळा, त्याच्या भोकांतून बारीक माल धुण्याच्या टेबलांवर पडतो आणि मोठे गोटे मागच्या पट्ट्यावरून बाहेर फेकले जातात. म्हणजे पुढे खणत, मागे बुजवत, तळं बरोबर घेऊन जाणारं यंत्र.

मागचा पट्टा डावी-उजवीकडे झुलत असल्यामुळे गोट्यांच्या राशी वेटोळ्या पडल्या. गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारे खडीचे ढिगारे हेच. ते पाहून 'काय नासधूस केली आहे' असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पूर्वीची माती तळाशी गेली आणि गोटे वर आले, म्हणून तिथे अजून झाडं नीट धरत नाहीत.

मला स्वतः सोनं धुऊन बघता येईल का?

येईल, पण कुठेही नाही. जवळजवळ प्रत्येक ओढ्यावर आजही चालू क्लेम आहेत, आणि दुसऱ्याच्या क्लेमवर थाळी बुडवणं म्हणजे त्याच्या शेतात शिरून कणसं तोडणं. पाहुण्यांसाठी बोनान्झावरचा 'क्लेम ६' खुला ठेवलेला आहे. पैसे लागत नाहीत, थाळी आणि हातफावडं आपलं आपण न्यायचं. मोटार किंवा पंप लावलेलं कुठलंही साधन चालत नाही.

कोल्हापूर-पुण्याच्या सराफकट्ट्यावर झाडलेली माती धुणारे झारेकरी पाहिले असतील, तर हात कसा चालतो ते कळेल. थाळी पाऊण भरा, शक्यतो मोठ्या दगडांच्या मागून किंवा खडकाच्या भेगेतून खरवडलेल्या मातीने. पूर्ण पाण्याखाली धरून चिखलाचे गोळे बोटांनी फोडा. गोळ्यात सोनं अडकून वाहून जातं, ही सगळ्यात मोठी चूक. मोठे खडे धुऊनच फेका. मग थाळी सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, म्हणजे जड ते तळाला बसेल. आता पुढची कड किंचित खाली करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडा. दोन-तीनदा सोडलं की पुन्हा सपाट धरून हलवा. पाखडताना सूप जसं मधूनमधून स्थिर करतात तसं. न हलवता नुसती ओतत गेलात तर सोनंही ओताल.

शेवटी चमचाभर काळी वाळू उरते, ते लोहखनिज. थोडं पाणी घेऊन हळू गोल फिरवा. वाळू पुढे सरकते आणि मागे, असलं तर, दोन-चार पिवळे ठिपके राहतात. ते सावलीत धरून बघा. अभ्रक उन्हात चमकतं, सावलीत विझतं आणि पाण्यात पानासारखं तरंगत जातं. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं आणि जागचं हलत नाही. हाताला सनस्क्रीन किंवा तेल नको, तेलाच्या तवंगावर बारीक सोनं तरंगून जातं. एका थाळीला पाच-सात मिनिटं धरा. पाणी बर्फासारखं असतं, रबरी हातमोजे न्या. मिळकतीत चहाही निघणार नाही.

गावातली जुनी घरं एकमेकांवर रेलल्यासारखी का दिसतात?

थर्ड अव्हेन्यूवर दोन इमारती डोकं टेकवून उभ्या आहेत, त्यांचा फोटो सगळे काढतात. १८९८ मध्ये घाईने जमिनीवर थेट ओंडके टाकून घरं बांधली. आत शेगडी पेटली की उष्णता फरशीतून खाली जायची आणि घराखालचा बर्फ वितळायचा. मध्यभाग जास्त तापतो, म्हणून तो आधी खचतो. आग हा दुसरा शत्रू होता. एप्रिल १८९९ च्या आगीत ११७ इमारती गेल्या. थंडी एवढी होती की बंबाच्या नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फाटल्या.

आज बांधताना आधी खडीचा जाड थर टाकतात. त्यावर जाड लाकडांची चौकटीसारखी घडवंची रचतात आणि घर तिच्यावर, जमिनीपासून वर उचललेलं. मधून थंड हवा खेळली पाहिजे, म्हणून ती पोकळी सामान कोंबून बंद करायची नाही. नवे भाडेकरू नेमकं तेच करतात. तरी घर हलतंच. दार घासायला लागलं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली की खाली जाऊन जॅक लावायचा, तो कोपरा थोडा उचलायचा आणि फाचर मारायची. एका दिवसात जास्त उचललं तर प्लास्टर तडकतं.

नवी इमारतही जुन्या धाटणीचीच दिसली पाहिजे असा गावचा नियम आहे: लाकडी दर्शनी भिंत, लाकडी फूटपाथ. बहुतेक गल्ल्या डांबरी नाहीत. काळं डांबर ऊन शोषून खालचा बर्फ वितळवतं आणि रस्त्याला लाटा येतात. उन्हाळ्यात धूळ, पावसात चिखल. चामड्याचे चांगले बूट आणू नका.

हिवाळ्यात नळ सोडून का ठेवतात?

वाहतं पाणी गोठत नाही म्हणून. गोठलेल्या जमिनीतल्या पाइपात पाणी थांबलं की संपलं. त्यामुळे थंडीभर पाण्याची बारीक धार चालू ठेवायची पद्धत आहे. भाड्याच्या खोलीत अशी धार दिसली तर पाणी वाचवण्याच्या सवयीने ती बंद करू नका. सकाळी पाइप फुटलेला सापडेल.

पोहण्याच्या तलावात सिनेमे सापडले, हे खरं का?

खरं. डॉसन हे सिनेमांच्या रिळांचं शेवटचं ठाणं होतं. गावोगाव फिरून, दोन-तीन वर्षं जुनं झालेलं रीळ इथे पोचायचं आणि परत पाठवण्याचा खर्च वितरकांना परवडायचा नाही. साठा वाढत गेला. १९२९ मध्ये जुना तरणतलाव बुजवायचा होता, तेव्हा शेकडो रिळं भरावात टाकून दिली. १९७८ मध्ये तिथे खोदकाम करताना यंत्राच्या फावड्याला ती लागली. ५३३ रिळं. नायट्रेटची फिल्म एरवी सडते किंवा पेट घेते. गोठलेल्या जमिनीने ती जवळजवळ पन्नास वर्षं शीतकपाटात ठेवली. त्यात १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचीही दृश्यं निघाली.

नदी ओलांडायला पूल नाही का?

नाही. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत 'जॉर्ज ब्लॅक' ही फेरीबोट चालते. फुकट, आणि देखभालीचे थोडे तास सोडले तर रात्रंदिवस. उन्हाळ्यात मोठ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर हाताशी ठेवा. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता करतात. मधले काही आठवडे, बर्फ धरताना आणि फुटताना, दोन्ही बंद. पलीकडे वेस्ट डॉसनला राहणारे त्या काळाचा किराणा आधीच भरून ठेवतात.

२०१६-१७ च्या हिवाळ्यापासून गावासमोरचं पात्र मधोमध न गोठता उघडं राहण्याचे प्रकार होऊ लागले. बर्फाचा पूल मुद्दाम तयार करण्याचा सरकारी प्रयत्नही फसला. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बर्फावर गाडी घालू नका. त्या वर्षी रस्ता अधिकृतपणे उघडला आहे का आणि किती वजनाला, हे विचारा.

संगमावर उभं राहिलात तर क्लॉंडाइकचं स्वच्छ पाणी आणि युकॉनचं करडं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतं. युकॉनमध्ये गाळ इतका असतो की छोट्या होडीच्या तळाला कान दिला तर तेल तापल्यासारखा बारीक चरचराट ऐकू येतो.

पुराचा धोका आहे?

पावसाचा कमी, बर्फाचा जास्त. मेच्या सुरुवातीला नदीवरचा बर्फ फुटतो आणि त्याचे तुकडे वळणावर अडकून धरण होतं. १९७९ च्या मे महिन्यात असंच होऊन गाव पाण्याखाली गेलं. त्यानंतर १९८७ पर्यंत नदीकाठी उंच बांध झाला. आज संध्याकाळी लोक ज्यावर फिरायला जातात तो हाच. बर्फ कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी फुटेल यावर गावात पैजा लागतात. बर्फावर तिपाई उभी करून तिची तार घड्याळाला जोडतात. तिपाई सरकली की घड्याळ बंद. या नोंदी १८९६ पासूनच्या आहेत, आणि हवामान अभ्यासकांना त्या पैजेपेक्षा फार मोलाच्या वाटतात.

राजधानी इथून का गेली?

रस्त्यामुळे. १८९८ मध्ये युकॉन टेरिटरी झाली तेव्हापासून राजधानी डॉसन. १९४२ मध्ये अलास्का हायवे झाला तो व्हाइटहॉर्सवरून. १९५३ मध्ये राजधानी तिकडे गेली. डॉसनला बारमाही रस्ता मिळाला १९५५ मध्ये, आणि तो मिळताच नदीवरच्या वाफेच्या बोटींचं काम संपलं. त्यांतली 'कीनो' काठावर ठेवली आहे. जुन्या सरकारी कचेरीत आता संग्रहालय आहे.

हवा कशी असते? दिवस किती मोठा?

जानेवारीची सरासरी उणे २६ च्या आसपास, उणे ४० ही बातमी नव्हे. जड थंड हवा दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे मिडनाइट डोम या ८८७ मीटरच्या टेकडीवर कधी कधी गावापेक्षा ऊब असते. जुलैत दुपारी वीस-पंचवीस अंश, कधी तिशीही. वणव्यांचा धूर आला की डोमवरून काही दिसत नाही.

युकॉनचं घड्याळ सूर्यापेक्षा बरंच पुढे आहे. सूर्य माथ्यावर येतो दुपारी सव्वादोनला. २१ जूनला तो रात्री पाऊण वाजून गेल्यावर मावळतो आणि पावणेचारला पुन्हा उगवतो. मधे अंधार होतच नाही, झोपायला डोळ्यांवर पट्टी लागते. डिसेंबरात दिवस चार तासांचा. ध्रुवीय प्रकाश बघायचा असेल तर ऑगस्टच्या शेवटानंतर या. जूनमध्ये येऊन 'ऑरोरा दिसला नाही' म्हणणारे दरवर्षी भेटतात.

पोचायचं कसं, आणि पुढे कुठे?

व्हाइटहॉर्सहून क्लॉंडाइक हायवेने ५३३ किलोमीटर, सहा-सात तास. पेट्रोल कारमॅक्स आणि पेली क्रॉसिंगला भरून घ्या. व्हाइटहॉर्सहून छोटं विमानही आहे. मुक्काम तीन रात्रींचा ठेवा: एक दिवस गाव, एक बोनान्झा आणि ड्रेज, एक टोम्बस्टोन पार्क. सप्टेंबरच्या शेवटी बहुतेक हॉटेलं आणि दौरे बंद होतात.

गावाच्या ४० किलोमीटर अलीकडे डेम्पस्टर हायवे फुटतो, उत्तरेकडच्या इनुविक गावापर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सगळा खडीचा. पहिलं पेट्रोल ईगल प्लेन्सला, ३६९ किलोमीटरवर. धारदार पाटीच्या दगडामुळे टायर फाटतात, म्हणून पूर्ण आकाराचे दोन जादा टायर न्या. भाड्याच्या गाडीच्या करारात खडीच्या रस्त्याला परवानगी आहे का ते आधी वाचा, बहुतेकदा नसते. टोम्बस्टोनचं माहिती केंद्र मात्र सत्तरेक किलोमीटरवरच आहे, तेवढं सावकाश जाऊन येता येतं.

फेरीपलीकडून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे अलास्कात जातो. हद्दीवरची चौकी फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दिवसा उघडी असते. भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि उशिरा पोचलात तर परत फिरावं लागतं. अलास्काचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास मागे असतं, ही चूक इथे नेहमीची.

शाकाहारी जेवण? घरी फोन कधी करावा?

गावात किराणा दुकान आहे, पण भाजी लांबून येते आणि महाग असते. डाळ, पोहे, मसाले व्हाइटहॉर्सला घ्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली बघा. गावाबाहेर पडलं की मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. युकॉनने २०२० पासून घड्याळ पुढे-मागे करणं बंद केलं आहे, त्यामुळे भारताशी फरक बारमाही साडेबारा तासांचा: इथे सकाळचे आठ, तेव्हा घरी रात्रीचे साडेआठ.